बांगलादेशची ड्युटी अन् आमच्या बोअरचं पाणी

२०१९ चा जुलै ज्यांनी नागपुरात काढला त्यांना वेगळं सांगायची गरज नाही. पाऊस रुसून बसलेला, तोतलाडोह धरणाचा तळ उघडा पडलेला अन् शहरात एक दिवसाआड नळ. आमच्या मानेवाड्याच्या घरी बाथरूमपासून गॅलरीपर्यंत बादल्या, गंज, डबे, एवढंच काय कुकरसुद्धा पाण्यानं भरून ठेवलेला, आणि सासूबाई रोज सकाळी त्या सगळ्याची मोजदाद करायच्या, जसे काही दागिनेच आहेत. त्याच आठवड्यात माहेरून दादाचा फोन आला की साठ झाडं गेली. संत्र्याची. टँकरनं पाणी आणून टाकलं तरी वाळली.

माझं माहेर काटोल तालुक्यातलं. तीनशे झाडांचा बगीचा होता, म्हणजे आता दोनशे चाळीस. त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात बसली ती अजून काही निघाली नाही, की माझ्या नळाचं पाणी पेंचचं अन् दादाच्या झाडांचं पाणी बोअरचं, मग दोघांचं एकाच वेळी कसं काय संपलं? पाऊस नाही म्हणून, हे तर झालंच. पण पाऊस काय पहिल्यांदाच दगा देऊन राहिला होता का?

तेव्हा सगळ्यांचं बोट एकाच गोष्टीकडं होतं, चौरईचं धरण. पेंच नदी उगम पावते मध्यप्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात, जंगलातून उतरत तोतलाडोहला येते अन् तिथून खाली नवेगाव खैरीला आपल्या शहराचं पाणी उचललं जातं. वर चौरईजवळ माचागोरा धरण झालं अन् तोतलाडोहात येणारा येवा घटला. चहाच्या टपरीपासून व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत एकच सूर, एमपीवाल्यांनी आपलं पाणी अडवलं. मीही फॉरवर्ड केलं असेल तसं काहीतरी, खोटं काहून बोलू.

मग दोन वर्षांनी छिंदवाड्याला मावसभावाकडं गेले होते, त्यानं माचागोरा दाखवायला नेलं. जानेवारीचे दिवस. कालव्याच्या दोन्ही अंगाला गहू, असा हिरवागार की डोळे निवावे. तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी बोलणं झालं, त्याला मी नागपूरची आहे हे कळल्यावर तो हसला अन् हिंदीत म्हणाला की पोरी, नदी आमच्या डोंगरातून निघते, पन्नास वर्षं आम्ही ती फक्त वाहताना पाहिली, खरिपात मका घ्यायचा अन् मग हिवाळाभर हातावर हात धरून बसायचं, आता पाणी आलं तर गहू पेरला, यात चोरी काय केली? मला काही उत्तर देता आलं नाही. दोन राज्यांच्या पाणीवाटपाच्या करारात त्यांचाही वाटा आहेच. अन् आमच्या काटोलला कोणी कालवा आणून दिला असता तर आम्ही काय नुसता पाहत बसलो असतो?

पण त्याच्या पुढच्याच वर्षी एक मजा झाली. युक्रेनचं युद्ध लागलं, जगात गव्हाचे भाव भडकले अन् मध्यप्रदेश सरकारनं निर्यातीसाठी घेतलेल्या गव्हावरचा मंडी टॅक्स माफ केला, एमपीचा गहू जगभर जाणार म्हणून केवढा गाजावाजा. मग १३ मे २०२२ ला केंद्रानं गव्हाची निर्यातच बंद केली. आता तारीख पाहा. मे महिना. गहू कापून, मळून, पोत्यात भरून झालेला. जे पाणी त्या गव्हानं प्यायचं ते नोव्हेंबर ते मार्च पिऊन झालेलं. निर्यात चालू असती तरी तेवढंच पाणी गेलं असतं अन् बंद केली तरी तेवढंच गेलं. बाजाराचा निर्णय पाणी पिऊन झाल्यावर येतो, हे माझ्या डोक्यात तिथं पहिल्यांदा शिरलं.

मग मी थोडं वाचायला लागले. टोनी ॲलन म्हणून लंडनचे प्रोफेसर होते, त्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘आभासी पाणी’ ही कल्पना मांडली. त्यांचा प्रश्न साधा होता की मध्यपूर्वेतल्या देशांकडं पाणी नाही तरी ते पाण्यावरून लढून का नाही राहिले? तर ते बाहेरून धान्य घेतात, अन् धान्यासोबत ते पिकवायला लागलेलं पाणीही आयतं येतं. याच कामासाठी त्यांना २००८ साली स्टॉकहोमचा पाण्याचा मोठा पुरस्कार मिळाला. त्यांच्यानंतर आर्यन हुकस्ट्रा यांनी २००२ मध्ये ‘वॉटर फूटप्रिंट’ काढला, म्हणजे कोणत्या गोष्टीला किती लिटर लागलं त्याचा हिशोब. त्यांच्या जागतिक सरासरीनं एक किलो गव्हाला साधारण १,८०० लिटर, एक किलो पांढऱ्या तांदळाला २,५०० च्या आसपास, अन् एक किलो संत्र्याला सुमारे ५६० लिटर.

५६० वाचलं अन् मी नागपूरच्या कळमना बाजाराच्या एका जुन्या पट्टीच्या मागे गणित मांडलं. पट्टी म्हणजे अडत्या माल विकल्यावर जे बिल हातात देतो ते, बाबा त्या सगळ्या एका खिळ्याला टोचून ठेवायचे. दहा टनाचा ट्रक भरला तर दहा हजार किलो गुणिले ५६०, म्हणजे छप्पन लाख लिटर. आमच्या गल्लीत जो दहा हजार लिटरचा टँकर यायचा तसे ५६० टँकर. एका ट्रकमध्ये! अन् त्या टँकरसाठी आम्ही बायका सकाळी सहाला बादल्यांची लाइन लावून एकमेकींच्या झिंज्या उपटायला तयार होतो.

दादाला सांगितलं तर तो म्हणे, “हे कोनं काढलं? आमच्याकडं एवढं पानी असतं तं मी संत्रा काहून, ऊस नसता लावला?” अन् त्याचं बरोबर होतं. कारण या ५६० मध्ये पावसाचं पाणीही धरलेलं असतं, जे जमिनीत मुरलं अन् झाडानं आपसूक घेतलं, ते काही कोणाच्या नळातून चोरलेलं नसतं. म्हणून मग आम्ही दोघांनी बसून खरा हिशोब केला. आमच्या बगीच्यात आंबिया बहार घेतात. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत झाडाला ताण द्यायचा, पाणी तोडायचं, मग पाणी सोडलं की फुलं फुटतात, अन् तिथून पुढं मार्च, एप्रिल, मे हा सगळा आगीचा काळ त्या लिंबाएवढ्या फळांना जपत काढायचा, एक दिवस मोटर बंद पडली तर सकाळी झाडाखाली फळांचा सडा. ठिबकवर धरलं तरी मोठ्या झाडाला उन्हाळ्यात रोजचे शंभरेक लिटर. तीनशे झाडं, नव्वद दिवस, सत्तावीस लाख लिटर. चांगल्या वर्षी माल निघायचा बारा टनांच्या आसपास. म्हणजे किलोमागे सव्वादोनशे लिटर पाणी नुसतं बोअरचं, तेही एप्रिल-मेचं, जेव्हा एकेका घागरीची किंमत असते. पुस्तकातल्या ५६० पेक्षा मला हा सव्वादोनशेचा आकडा जास्त छळतो.

(मृगाचा बहार घेतला तर उन्हाळ्यात एवढं पाणी लागत नाही. पण मृग फुटेल की नाही हे पावसाच्या मर्जीवर, अन् गेल्या काही वर्षांत तो धड फुटतच नाही. म्हणून सगळे आंबियावर. बाबा म्हणायचे संत्र्याचं झाड म्हणजे घरजावई, त्याचं रुसणं वर्षाचे बारा महिने सांभाळा.)

पाण्याचं हे काय एकट्या आमच्याच घरचं नाही. पलीकडं वरूड-मोर्शीत तर भूजल एवढं उपसलं की सरकारी कागदावर तो भाग ‘अतिशोषित’ आहे, लोक सरळ ड्राय झोन म्हणतात, अन् बोअर आठशे-हजार फुटांवर गेल्या. लहानपणी मी विहिरीत वाकून पाहायची तर माझंच तोंड दिसायचं. आता त्याच विहिरीत दादानं बोअरचं पाणी साठवायला प्लास्टिक टाकलं.

आता एवढं पाणी पाजलेलं फळ जातं कुठं? नागपुरी संत्र्याचं बाहेरचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. आपल्या घरी ज्याला कोणी हात लावत नाही तो बारीक मालही तिकडं चालायचा. २०१९ पासून त्यांनी आयात ड्युटी चढवायला सुरुवात केली, तेव्हा किलोला वीस रुपयांच्या घरात होती, ती दरवर्षी पायरी पायरीनं चढत २०२३ मध्ये ८८ रुपयांवर गेली. इथं शेतकऱ्याला किलोला पंचवीस रुपये मिळाले तरी तो देवाला नारळ फोडतो, अन् वर ड्युटी ८८! त्या वर्षी राज्य सरकारनं निर्यातदारांना अर्धी ड्युटी, म्हणजे किलोमागे ४४ रुपये, द्यायचं ठरवलं. ती निर्यातदारांना. झाडाला पाणी देणाऱ्याच्या हातात त्यातलं काय पडलं ते दादाला विचारू नका, त्याचं बीपी वाढते.

त्याच वर्षीचा आमचा किस्सा. ऑगस्टमध्ये एका व्यापाऱ्यानं बगीचा पाहून अठ्ठावीस हजार रुपये टनानं सौदा केला, इसार दिला, गोड गोड बोलून चहा पिऊन गेला. ऑक्टोबर उजाडला, माल पिवळा पडायला लागला, हा फोन उचलेना. शेवटी आला अन् म्हणे, “भाऊ, तिकडली गाडी बंद आहे, सतरा हजारानं देत असाल तर उद्या तोडा लावतो, नाहीतर माझा इसार बुडाला समजतो.” दादानं दोन दिवस दम धरला. तिसऱ्या रात्री वारा सुटला अन् सकाळी झाडाखाली पिवळा सडा. सतरानं दिला. जे खाली पडलं ते ट्रॉलीत भरून धुऱ्यावर नेऊन टाकलं, चारेक टन असेल. मी दिवाळीला गेले तेव्हा त्या ढिगाचा आंबूस वास अख्ख्या वावरात भरला होता, माशा घोंगावून राहिल्या होत्या, अन् मी मनात गुणाकार करत होते, चार हजार किलो गुणिले सव्वादोनशे, नऊ लाख लिटर. कोणाच्या तोंडात गेलं नाही अन् कोणाच्या नळातही आलं नाही.

मला वाटायचं की निर्यात बंद पडली तर निदान पाणी तरी वाचत असेल. कुठलं काय. संत्र्याचं झाड काही सोयाबीन नाही की यंदा नको तर पेरू नका. भाव असो नसो, मे महिन्यात त्याला पाजावंच लागते, नाहीतर पंधरा-वीस वर्षांची मेहनत सरपणाला जाते. अन् ज्या वर्षी भाव फुटतो त्या वर्षी काय होते? पुढच्या पावसाळ्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांची नवी लागवड अन् तिच्यासाठी नवी बोअर. म्हणजे बाजार चढला तर पाणी जातं अन् पडला तर तेच पाणी धुऱ्यावर सडतं.

आता कोणी म्हणेल निर्यातच नको, सगळं इथंच विका. मला ते पटत नाही. कापसाचंच बघा, किलोला हजारो लिटर लागतात म्हणून त्याला शिव्या घालणारे लेख मी पाहिलेत, पण आमच्या विदर्भातली पऱ्हाटी बहुतेक कोरडवाहू, जे काय पिते ते पावसाचं. तिची गाठ परदेशात गेली तर माझ्या नळाचं काय बिघडतं? तसंच झाडीपट्टीतल्या धानाचं. भंडारा-गोंदियाचा खरिपाचा धान पावसावर अन् मालगुजारी तलावांवर होतो, तीनशे वर्षांची ती पद्धत. पंजाबात ट्यूबवेलनं काढलेला तांदूळ अन् हा तांदूळ एका तागडीत टाकणं म्हणजे अन्यायच. उन्हाळी धानाची गोष्ट वेगळी, तो मार्च-एप्रिलमध्ये धरणाचं पाणी पितो.

भारत जगातला सगळ्यात मोठा तांदूळ निर्यातदार आहे, जगाच्या एकूण तांदूळ व्यापारातला चाळीसेक टक्के वाटा एकट्या आपला. २० जुलै २०२३ ला केंद्रानं बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. पुन्हा तारीख बघा. जुलैची वीस म्हणजे आमच्याकडं रोवणी जोरात, बायका गुडघाभर चिखलात वाकलेल्या. धान लावून झाला, पाणी बांधून झालं, अन् तिकडं दिल्लीत गेट बंद. ते उघडलं सप्टेंबर २०२४ मध्ये. त्या चौदा महिन्यांत गोंदियाच्या एकाही बांधीतलं पाणी या बंदीनं कमी झालं असेल असं मला वाटत नाही.

अन् हे पाणी पुढं जातं कुठं ते नकाशावर बोट फिरवून पाहा, मला तर ते पाहायचा नादच लागला. पेंच कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेला. दादाच्या वावराचं पाणी जाम नदीतून वर्धेला. म्हणजे माझी अन् दादाची नदी वेगवेगळी, त्या दोघी थेट चपराळ्याला भेटतात, तिथून प्राणहिता होतात अन् सिरोंच्याला गोदावरीत. त्याच्या जरा खाली तेलंगणानं मेडिगड्डाचा बॅरेज बांधला, २०१९ च्या जूनमध्ये उद्घाटन, म्हणजे इकडं आमच्या बादल्या भरायच्या महिनाभर आधी. प्राणहितेचं पाणी उलटं वर चढवून शेतात न्यायचं अशी ती योजना. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्या बॅरेजचे खांब खचले, ते सोडा, पण तेलंगणात धान मात्र केवढा वाढला. अन् दक्षिणेतला बिगर-बासमती तांदूळ परदेशात जातो तो बराचसा काकीनाडा बंदरातून, जे गोदावरीच्या मुखाजवळच आहे. म्हणजे जे पाणी नदीतून समुद्राला मिळायचं तेच आता पोत्यात बसून मालगाडीनं समुद्राला जाते.

गोदावरीच्या पाण्यासाठी लवाद नेमला होता, १९६९ साली, १९८० मध्ये निवाडा आला. त्यात कोणत्या राज्यानं किती टीएमसी, म्हणजे किती अब्ज घनफूट पाणी, वापरायचं ते आहे. पण त्या टीएमसीतून काय पिकवायचं अन् ते कोणाला विकायचं हे कोणत्याच कागदावर नाही. ते ठरतं ढाक्यात, दिल्लीत, कळमन्यात. आता २०२४ मध्ये वैनगंगा-नळगंगा नदीजोडला मंजुरी मिळाली, गोसीखुर्दपासून बुलढाण्यापर्यंत ४२६ किलोमीटरचा कालवा. मी विरोधात नाही, पश्चिम विदर्भाला पाणी पाहिजेच. पण त्या कालव्याच्या काठावर काय लागणार? मी पैज लावते, ज्या वर्षी पाणी येईल त्या वर्षी ज्याला भाव असेल ते लागेल, अन् मग पुढची तीस वर्षं आपण त्याला पाजत बसू.

हे काही आपल्याच नशिबी नाही म्हणा. अमेरिकेत कोलोरॅडो नदीचं वाटप सात राज्यांत, १९२२ चा करार, अन् खाली मेक्सिको. सौदी अरेबियानं स्वतःचं भूजल संपत आलं म्हणून हिरवा चारा पिकवणं बंद केलं तर तिथल्या कंपनीनं जाऊन ॲरिझोना अन् कॅलिफोर्नियात जमिनी धरल्या, तिथं लसूणघास पिकवायचा, वाळवायचा अन् जहाजानं सौदीच्या गाईंना पाठवायचा. वाळवंटातलं पाणी दुसऱ्या वाळवंटात! दादाला सांगितलं तर दोन मिनिटं गप्प बसला अन् मग म्हणे, “गवतालेही एवढा भाव आहे का बे तिकडं?”

मागच्या रविवारी गेले होते. दादानं शंभर झाडं काढायचं ठरवलं आहे, जुनी झाली, कोळशी रोगानं काळी पडली. तिथं काय लावायचं यावर घरात तीन पार्ट्या. वहिनी म्हणते तूर लावा, पाणी लागत नाही अन् झंझट नाही. पुतण्या म्हणतो मोसंबी. दादा काही बोलत नाही, फक्त संध्याकाळी एक बोअरवाला येऊन पाणी कुठं लागेल ते पाहायला धुऱ्यावर नारळ उभा धरून फिरत होता, त्याच्या मागे मागे दादा. सहाशे फुटांचा अंदाज सांगितला त्यानं.

रात्री मी निघताना गाडीपाशी आला, डिक्कीत संत्र्याची एक थैली ठेवली अन् म्हणाला, “तुयाकडं नेट बरं चालते ना? पाह्य बरं, बांगलादेशनं यंदा काही कमी केली का ड्युटी. बोअरवाल्याले बुधवारपर्यंत सांगा लागते.”